नसेल तर काय?

आमच्या सरांना कोणी ‘या, चहा घ्या’ म्हटलं की ते उंबऱ्याबाहेरूनच विचारत, ‘दूध आहे का?’

समोरचा माणूस हसून ‘आहे की’ म्हणाला तरी त्यांचं समाधान होत नसे. ‘बघून सांगा,’ म्हणत. आता ज्याने अगत्याने बोलावलं त्याच्याच घरच्या दुधावर संशय घेतला तर कोणाला राग येणार नाही? श्रीवर्धनमधल्या निम्म्या घरांनी त्यांना चहाला बोलावणं सोडून दिलं होतं. उरलेली घरं विद्यार्थ्यांची होती. तिथे सर येताना दिसले की घरातली बाई दुधाचं पातेलंच उचलून दारात आणायची. सर आत डोकावून बघायचे, ‘छान’ म्हणायचे आणि मग चपला काढायचे.

गावाने त्यांचं नाव ‘आहे-का सर’ ठेवलं होतं आणि ते त्यांच्या कानावर गेलेलं होतं. नाव वाईट नाही, फक्त अर्धं आहे, असं त्यांचं मत होतं. कारण त्यांचा खरा प्रश्न पुढचा असायचा. ‘आहे का?’ला ‘नाही’ असं उत्तर आलं की ते लगेच विचारत, ‘नसेल तर काय?’ ह्याचं उत्तर ज्याच्याकडे तयार नसे, तो माणूस सरांच्या मनातून उतरला म्हणून समजा.

श्रीवर्धनला बाजाराच्या मागे, एका सुपारीच्या वाडीच्या तोंडाशी त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीत बरीच वर्षं प्रोग्राम लिहून ते एके दिवशी इकडे आले आणि राहिलेच. का आलात, असं विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणाले, हवा चांगली आहे. एकदा म्हणाले, तिकडच्या लिफ्टवर माझा विश्वास नव्हता. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि मग त्यांच्याच क्लासमध्ये शिकवायला लागले. म्हणजे हा विक्षिप्तपणा मी बाकाच्या दोन्ही बाजूंनी भोगलेला आहे, त्यामुळे बोलायचा अधिकार मला आहे.

पहिल्या दिवशी ते मुलांना एकच गोष्ट सांगत. ‘आपला प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. बरीच कामं दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. त्या सामानाला लायब्ररी म्हणायचं. तुमच्या मशीनवर ती लायब्ररी आहे म्हणून तुमचा प्रोग्राम चालतो. दुसऱ्याच्या मशीनवर ती असेलच, हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

कोणीच सांगितलेलं नसे. मग ते अख्ख्या बॅचला चपला घालायला लावून मागच्या वाडीत नेत. सुपारी उतरवणारा गडी पोफळीच्या शेंड्याशी असायचा. एका झाडाची सुपारी उतरवली की हे गडी खाली येत नाहीत, वरच्या वर झोका घेऊन शेजारच्या झाडावर जातात. ‘बघा, बघा, आता बघा,’ सर खालून ओरडत. गडी शेजारच्या पोफळीचा शेंडा हाताने ओढून घेई, दोन हिसके देऊन बघे आणि मगच पहिल्या झाडाची पायांची मिठी सोडी. ‘हे हिसके देऊन बघणं आहे ना, तेवढंच मला तुमच्या प्रोग्राममध्ये पाहिजे. बाकी काय लिहायचं ते लिहा. प्रोग्राम चालू असताना, कामाला हात घालण्याच्या आधी, त्याने विचारायचं की बाबा, तू आहेस का.’

एका मुलाने विचारलं, ‘सर, झाड कुजकं निघालं तर?’

‘तर तो खाली उतरतो आणि जमिनीवरून चालत जातो. त्यात कसला कमीपणा? कमीपणा पडण्यात आहे.’

त्यांचे स्वतःचे प्रोग्राम असेच होते. एखादी लायब्ररी सापडली नाही की इतरांचे प्रोग्राम इंग्रजीत लालभडक काहीतरी ओकून मरतात. सरांचा प्रोग्राम मराठीत म्हणायचा, ‘छपाईचं सामान या मशीनवर सापडलं नाही. बाकीचं काम चालू राहील. घाबरू नका.’ हे ‘घाबरू नका’ मला फार हास्यास्पद वाटायचं. मी एकदा ते काढूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या बर्फाच्या कारखान्यातून माणूस धापा टाकत आला की मशीन बिघडलं. सरांनी ते दोन शब्द परत घातले.

पण हा प्रश्न त्यांनी मशीनपुरता ठेवला असता तर कोणाची तक्रार नव्हती. ते तो लग्नात विचारत. माझ्याच लग्नात विचारला. मंडपात अक्षता वाटून झाल्या होत्या, भटजी घसा खाकरत होते, आणि सर खुर्चीतून उठून तरातरा वरपक्षाच्या खोलीकडे गेले. दार माझ्या सासूबाईंनी उघडलं.

‘नवरदेव आहेत का?’ सरांनी विचारलं.

‘आहेत,’ सासूबाई म्हणाल्या.

‘दिसतील का?’

सासूबाईंनी तो प्रसंग अजून माफ केलेला नाही. माझ्या नवऱ्याला मात्र गंमत वाटली. जेवणं झाल्यावर त्याने सरांना मुद्दाम विचारलं, ‘सर, मी नसतो तर काय करणार होतात?’ सर म्हणाले, ‘तर पंगती तरी वेळेवर उठाव्यात, असं मी आचाऱ्याशी बोलून ठेवलं होतं.’ मी हिरव्या चुड्यात बसून हे ऐकत होते.

मी त्यांच्यावर किती वेळा चिडले असेन याला गणती नाही. पण एक सांगते. क्लासमध्ये ते हजेरी घेत तेव्हा वर बघून प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत. एकदा एक मुलगी ‘आहे’ म्हणाली आणि सर म्हणाले, ‘नाहीस. घरी काय झालंय?’ ती ढसाढसा रडायला लागली. वडील आदल्या दिवशी घर सोडून गेले होते. इतका वेळ तिच्या शेजारी मी बसले होते, मला पत्ता नव्हता.

समुद्राला मात्र ते काहीच विचारत नसत. तो आहे हे त्यांना घरबसल्या ऐकू यायचं आणि तेवढं त्यांना पुरे होतं. इतकी वर्षं किनाऱ्यावर राहून हा माणूस कधी ओल्या वाळूत उतरला नाही. क्लासची सहल किनाऱ्यावर गेली की सर सुरूच्या झाडाखाली, सगळ्यांच्या चपला राखत. ‘ज्याचा तळ हाताला लागत नाही त्याच्याशी माझं काम नाही,’ म्हणायचे. पाण्याची त्यांना भीती होती, नुसती नावड नव्हती. एकदा चेष्टेत मुलांनी त्यांना दोन्ही हातांनी धरून पाण्याकडे ओढलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा पांढराफटक पडला की मुलं स्वतःच घाबरली.

आणि नेमकं याच माणसाला आमच्या गावाने समुद्राचं काम दिलं.

माझं माहेर श्रीवर्धनच्या खाली, किनाऱ्यालाच आहे. गावासमोर पाण्यात एक मोठा खडक आहे आणि खडकावर आमची देवी. ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो, त्यावरून चालत जायचं, दर्शन घ्यायचं आणि भरती चढायच्या आत परत यायचं. पूर्वी एका घराण्याकडे मान होता. त्यांचा माणूस किनाऱ्यावर निशाण घेऊन बसायचा. त्याने निशाण खाली केलं की कोणी उतरायचं नाही. ते घराणं पुढे उरणकडे गेलं, पोरांनी ट्रक घेतले आणि निशाण देवळाच्या माळ्यावर पडलं. त्यात पर्यटक वाढले. दोनदा माणसं खडकावर अडकली, होडी घालून काढावी लागली. तेव्हा आमचे सरपंच मला म्हणाले, ‘ताई, तुमच्या सरांना सांगा की कायतरी कराया.’

सरांनी केलं. दांड्याच्या तोंडाशी पंचायतीने एक दिव्यांचा बोर्ड लावला आणि शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवला. भरती-ओहोटीचं गणित करणारी एक लायब्ररी असते, ती सरांनी घेतली आणि तिला आमच्या दांड्याची मापं शिकवली. मापं घ्यायला पाण्यात उतरायचा माझा भाऊ. सर कोरड्या वाळूत उभे राहून ‘अजून पुढे, अजून पुढे’ असं ओरडत. बोर्डावर हिरव्यात ‘वाट खुली’ आणि कधीपर्यंत ते यायचं, नाहीतर लाल अक्षरांत ‘वाट बंद’. इथपर्यंत सगळे खूश होते. मग सरांनी तिसरं वाक्य दाखवलं. पिवळ्या अक्षरांत, ‘माहीत नाही. उतरू नका.’

‘ह्ये कवा दिसनार?’ सरपंचांनी विचारलं.

‘लायब्ररी सापडली नाही तर.’

‘सर, पंचायतीच्या बोर्डावर “माहीत नाय”? बाहेरगावची लोकं काय म्हनतील? ह्यांना सोताच्या गावचं पानी म्हाईत न्हाय?’

‘नसेल माहीत तर काय लिहायचं?’

‘तितीची पाऊनपट करा की! आमच्या आज्यापासनं चालतंय. अष्टमी असंल तर आठाची पाऊनपट सहा, सहाला भरती. बाराला ओहोटी. तुमची लायबरी न्हाय गावली तर ह्ये टाका.’

हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही येतो आणि तो खोटाही नाही. सर ते जाणून होते. ते म्हणाले, ‘पूर्ण भरती कधी, ते तिथी सांगते. दांडा कधी बुडेल ते सांगत नाही. ते वाऱ्यावर आहे, वाळू कुठे सरकली त्यावर आहे. तुम्ही अंदाजाने गेलात तर तुम्हाला ठाऊक असतं की अंदाज आहे, तुम्ही जपून जाता. बोर्डाने हिरव्या दिव्यात अंदाज सांगितला तर पुण्याचा माणूस पोराला खांद्यावर घेऊन बिनधास्त उतरेल.’

वाद पेटला. सरपंच म्हणाले, ह्ये वाक्य काढा न्हायतर बोर्ड काढतो. सर म्हणाले, बोर्ड काढा. मी मधल्या मध्ये, कारण सर माझे आणि गावही माझं. शेवटी माझ्या भावाने सरपंचांच्या कानात सांगितलं की लायब्ररी मशीनवर घातलीच आहे, ती काय पळून जाते? ते वाक्य कधी दिसणारच नाही. सरपंचांना हे पटलं आणि बोर्ड राहिला.

खरंच वर्षभर ते दिसलं नाही. दिसलं ते चैत्रात, अष्टमीच्या जत्रेला.

झालं असं की जत्रेसाठी सरपंचांच्या भाच्याने पनवेलहून नवाकोरा कॉम्प्युटर आणून पंचायतीला भेट दिला. जुना फार रखडत होता. भाच्याने सरांचा प्रोग्राम असलेलं फोल्डर उचलून जसंच्या तसं नव्या मशीनवर ठेवलं आणि जुनं मशीन पुसून शाळेला देऊन टाकलं. प्रोग्राम आला, लायब्ररी मागेच राहिली. त्यात त्याची फार चूक नाही. भांडी नेली आणि चूल राहिली, असं घर बदलताना भल्याभल्यांचं होतं.

सकाळी भाच्याने मोठ्या कौतुकाने बटण दाबलं. प्रोग्रामने लायब्ररीला हाक मारली, ती मिळाली नाही आणि अख्ख्या जत्रेसमोर पिवळी अक्षरं उमटली. ‘माहीत नाही. उतरू नका.’

मी सरांना घेऊन पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. किनारा माणसांनी फुलला होता, ढोल वाजत होते, पालखी तयार होती. लायब्ररी नव्याने उतरवून घ्यायला नेट लागतं आणि एवढ्या गर्दीत मोबाईलला नेट कुठलं? फोनवर वर्तुळ नुसतं फिरत होतं. सरपंच घामाघूम झाले होते.

‘सर, बटन दाबून हिरवा करा. पानी मागं चाललंय, डोळ्यानं दिसतंय की समद्यांना!’

‘जाताना दिसतंय. परत येताना?’

‘दोन वाजेपरेंत वाट हाय. तितीनं हाय.’

‘भांगाचे दिवस आहेत. पाणी फार मागे जाणार नाही, दांडा जेमतेम उघडेल. आणि दुपारी वारा सुटतो.’

‘मंग पालकी हितंच ठेवू? वर्साचा मान हाय, सर! देवीला काय सांगू, मशीन बिघडली?’

‘मशीन बिघडलेलं नाही,’ सर म्हणाले. ‘मशीन खरं बोलतंय. त्याच्या तोंडून खोटं वदवू नका, एवढंच माझं म्हणणं. पालखी न्या.’

‘कोनाच्या भरवशावर?’

   सर जत्रेच्या मांडवाच्या कडेला गेले, उरलेल्या बांबूंतला एक उचलला आणि चपला काढल्या.

दांड्याच्या मध्यावर एक खोलगट जागा आहे. भरतीचं पाणी आधी तिथे शिरतं. मोजमापं त्यांनीच लिहून घेतली होती, त्यांना नेमकं ठाऊक होतं. तिथे त्यांनी बांबू रोवला आणि गुडघ्याच्या उंचीवर देवीचं लाल फडकं बांधलं. होमगार्डकडून शिट्टी मागून घेतली. ‘पाणी फडक्याला लागलं की शिट्टी. शिट्टी झाली की आरती अर्धी असली तरी परत फिरायचं,’ त्यांनी सरपंचांना सांगितलं. सरपंचांनी देवीची शपथ घेऊन कबूल केलं. मी म्हटलं, सर, भावाला उभं करू, तुम्ही चला. ते म्हणाले, ‘त्याला पाण्याची भीती नाही. तो उशिरा शिट्टी वाजवेल.’

पालखी गेली. मागून माणसं गेली. त्यांत भावाबरोबर माझी आईही होती, गुडघे धरलेली, हातात ओटीचं ताट. नको म्हटलं तर ऐकते कुठे?

एक वाजायच्या सुमाराला वारा सुटला. नुसती झुळूक नाही, मांडवाचं कापड फडफडायला लागलं. आणि दीड वाजायच्या आत शिट्टी झाली. खडकावर कोणाला ती पटेना. ‘आजून येळ हाय!’ अशा आरोळ्या. सर शिट्टी वाजवतच राहिले, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हते. सरपंचांनी दिलेला शब्द पाळला, आरती तोडली आणि पालखी उचलली. मग मात्र सगळे निघाले.

पहिली माणसं खोलगट जागेशी पोचली तेव्हा पाणी मांडीला होतं. मधल्यांच्या वेळी कमरेला. सर एका हाताने बांबू धरून दुसऱ्या हाताने एकेकाला पुढे देत होते, ‘इकडून, माझ्या अंगावरून, इकडून’. लाट आली की त्यांचे डोळे गच्च मिटायचे आणि लाट गेली की उघडायचे. मी काठावरून माझी आई शोधत होते आणि ती दिसत नव्हती. शेवटी दिसली, माझ्या भावाच्या पाठुंगळीला. पाणी तेव्हा सरांच्या छातीला होतं. लाटेत भावाचा पाय निसटला, आई एका अंगाला कलंडली आणि सरांनी तिचा दंड पकडला. तिला त्यांनी भावाच्या हाती परत दिलं. आयुष्यात मी कोणावर एवढी माया केली नसेल, जेवढी त्या क्षणी त्या विक्षिप्त माणसावर केली.

सगळे आले. सर येईनात.

सरपंच जत्रेच्या कोऱ्या पांढऱ्या कपड्यांनिशी पाण्यात शिरले. ‘सर, चला. समदे आले.’

‘हात सुटत नाहीये,’ सर म्हणाले.

दोन्ही हातांची बोटं बांबूभोवती आवळून बसली होती. सरपंचांनी ती एकेक करून सोडवली आणि त्यांना खांद्यावर टाकून आणलं. चैत्राच्या उन्हात सर कुडकुडत होते. खारं पाणी ओकले, तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य माझ्यावर खेकसले, ‘संध्याकाळी नेट आलं की ती लायब्ररी आधी टाक.’ मागे वळून पाहिलं तर दांडा नव्हता. पाण्याबाहेर बांबू तेवढा दिसत होता आणि सरपंचांच्या दोन वाजण्याला अजून अवकाश होता. सरपंच त्यांच्या शेजारी ओल्या कपड्यांनी बसून होते. तितीचं नाव त्यांनी काढलं नाही.

सर गेल्या वर्षी गेले. झोपेतच गेले, कोणाला काही विचारलं नाही. मला अजून पोरकं वाटतं. क्लास मी चालवते.

मागच्या महिन्यात एका कंपनीचा माणूस पंचायतीत आला होता. जुना बोर्ड खाऱ्या हवेने गंजलाय, नवा घ्यायचा आहे. सरपंचांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्या माणसाने लॅपटॉपवर सुंदर चित्रं दाखवली, मासे काय, लाटा काय.

‘सामान गावलं न्हाय तर ह्यो काय म्हनल?’ सरपंचांनी विचारलं.

‘काळजी नको साहेब. शेवटची जी माहिती असेल तीच दाखवत राहील. बोर्ड कधी बंद पडलेला दिसणार नाही.’

‘न्हाय चालनार,’ सरपंच म्हणाले. ‘ताई सांगतील त्ये वाक्य घाला, मंग सही.’

मी वाक्य सांगितलं. त्याने ते टाइप केलं, जरा विचित्र नजरेने वाचलं आणि म्हणाला, ‘हे फारच रोखठोक वाटतंय. खाली “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत” असं टाकू का?’

सरपंचांनी माझ्याकडे बोट केलं. ‘हिची आय आत्ता घरात बसून भाकऱ्या थापतीय,’ ते म्हणाले. ‘दिलगीर कशापायी व्हायचं?’